ला व्हिलेत ते ला रोकेत

हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. रुंद काठाची काळी हॅट, खांद्यावरून खाली उतरलेला काळा झगा, गळ्यात लालभडक मफलर आणि समोरच्याला जोखणारी तिरपी नजर. आंरी द तुलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकारानं १८९२ साली शिळाछापावर काढलेलं हे भित्तिपत्रक गेली सव्वाशे वर्षं पुन्हा पुन्हा छापलं जातंय. कॅलेंडरांवर, कॉफीच्या मगांवर, रेस्टॉरंटांच्या भिंतींवर ते भेटतं. माणसाचं नाव त्यावर ठळक अक्षरांत असतं, पण चित्रच इतकं जबरदस्त आहे की नाव वाचायचं राहून जातं. आरिस्तीद ब्रुआं. तो गाणी लिहायचा आणि स्वतःच्या मद्यगृहात उभा राहून ती गायचा. चेहऱ्याला मिळालेली कीर्ती त्या गाण्यांना फ्रान्सबाहेर कधीच मिळाली नाही. हे पुस्तक मी गाण्यांसाठी लिहिलं आहे, आणि प्रस्तावनेची सुरुवातही एका गाण्यापासूनच करते.

गाण्याचं नाव ‘आ ला व्हिलेत’, म्हणजे ‘ला व्हिलेतमध्ये’. ला व्हिलेत हे पॅरिसच्या ईशान्य टोकाचं उपनगर. १८६७ पासून शहराचे मोठे कत्तलखाने तिथे होते. गाण्यात एक बाई बोलते. आपला माणूस किती कोवळ्या वयाचा होता, त्याला स्वतःचे आईवडील कसे ठाऊक नव्हते, तो कसा दिसायचा, कसा राहायचा, आपण त्याला कसं सांभाळलं, हे ती सांगत जाते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच जागा येते, ला व्हिलेतमध्ये. ऐकणाऱ्याच्या कानाला त्या शब्दाची सवय होते, तो पुढच्या वेळी आपसूक ओठांवर येतो. मग शेवटचं कडवं. त्या माणसाला आपण शेवटचं कुठे पाहिलं हे बाई सांगते, आणि इतका वेळ ज्या ठिकाणी ‘ला व्हिलेत’ येत होतं तिथे ‘ला रोकेत’ येतं. ला रोकेत म्हणजे मृत्युदंडाच्या कैद्यांचा तुरुंग. त्याच्या दारासमोर भर रस्त्यात गिलोटिन उभारत. ती रडत नाही, न्यायाला दोष देत नाही. फक्त जागेचं नाव बदलतं. यमक जुळलेलं असतं, चाल तीच असते, आणि अंगावर काटा येतो.

या एका करामतीत मला सगळा ब्रुआं दिसतो. गरिबांवर गाणी करणारे त्या काळात पुष्कळ होते. बहुतेकजण रस्त्याच्या पलीकडे उभं राहून गरिबाकडे बोट दाखवत: पाहा, किती हा दीन. ब्रुआंच्या गाण्यात बोट दाखवणाराच नाही. तिथे ‘मी’ बोलतो किंवा बोलते, तिच्या भाषेत आणि तिच्या हिशेबानं. ‘आ सँ-लाझार’ हे गाणं म्हणजे बायकांच्या तुरुंगातून एका वेश्येनं आपल्या माणसाला लिहिलेलं पत्र आहे. आपण आत अडकलो आणि बाहेर त्याच्या हातात पैसे नसतील, ही तिची काळजी. तिच्याच कमाईवर जगणारा तो माणूस आहे, हे आपल्याला खटकतं. तिला खटकत नाही. आणि कवी मध्ये पडून तिला शहाणपण शिकवत नाही. ‘आ ला रोकेत’मध्ये फाशीची पहाट मोजणारा कैदी बोलतो. त्याला मरणाची भीती वाटत नाही. पातं पडण्याआधी सदऱ्याची कॉलर कापायला कात्री येईल, तिचा गार स्पर्श मानेला झाला आणि आपण शहारलो, तर बघे म्हणतील हा घाबरला. त्या कात्रीची त्याला धास्ती आहे. माणसाच्या इतक्या आत शिरणं कीव करून जमत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी बसून बराच काळ ऐकावं लागतं.

ब्रुआंनं ते कुठे ऐकलं?

६ मे १८५१ रोजी लुआरे विभागातल्या कूर्तने या लहान गावी त्याचा जन्म झाला. आडनाव मुळात ‘ब्रुआं’च, पण फ्रेंच लिपीत त्याच्या शेवटी ‘द’ होता. रंगभूमीवर आल्यावर त्यानं त्याचा ‘त’ केला. उच्चारात फरक पडत नाही. घर खाऊनपिऊन सुखी होतं, मुलगा लॅटिन शिकत होता. मग घराची घडी विस्कटली आणि कुटुंब पॅरिसला आलं. पुढे शिकायचं सोडून पोराला नोकरी धरावी लागली. आधी वकिलाच्या कचेरीत कारकुनी, मग दागिने घडवणाऱ्यांकडे काम. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा एकोणीस वर्षांचा आरिस्तीद गावाकडच्या स्वयंसेवी तुकडीत सामील झाला. युद्ध हरल्यावर उत्तर रेल्वे कंपनीत काही वर्षं खर्डेघाशी केली.

ही चढउतार नसलेली, कोरड्या नोंदींसारखी वर्षं चरित्रकार भराभर ओलांडतात. मला तीच मोलाची वाटतात. वरून खाली आलेल्या घरातल्या मुलाचे कान फार तीक्ष्ण होतात. भाड्याच्या खोल्यांमधल्या शेजाऱ्यांची, कामावरच्या सोबत्यांची, दारूच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांची बोली त्याला जन्मानं मिळाली नव्हती. ती त्याला शिकावी लागली, आणि म्हणून ती त्याला दिसली. जो त्या बोलीतच वाढला, त्याला तिच्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. ब्रुआं शब्द टिपत होता.

ज्या पॅरिसमध्ये तो हे टिपत होता, ते नुकतंच फोडून पुन्हा बांधलेलं शहर होतं. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात ओसमान या प्रशासकानं जुन्या गल्ल्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढले. घरभाडी चढली. मधल्या वस्त्यांतला कामकरी उचलला गेला आणि शहराच्या कडेला जाऊन पडला: बेलव्हिल, ला व्हिलेत, बातिन्योल, मोंमार्त्र. ही गावं १८६० मध्ये पॅरिसला जोडली गेली. त्याआधी शहराभोवती जकातीची भिंत होती. भिंतीबाहेर दारू स्वस्त मिळे, म्हणून तिथे मद्यगृहांची रांग लागलेली असे. भिंत पाडून तिच्या जागी रुंद रस्ते झाले. मद्यगृहं तिथेच राहिली. त्यांतल्याच एका रस्त्याचं नाव बुलव्हार द रोशशुआर. मोंमार्त्रची टेकडी तिथून वर चढते.

याच टेकडीवर १८ मार्च १८७१ रोजी सरकारी सैन्य नागरिकांच्या तोफा न्यायला आलं, लोक आडवे आले आणि पॅरिस कम्यूनचा उठाव सुरू झाला. मे महिन्यातल्या एका आठवड्यात तो रक्तात बुडवला गेला. हजारो माणसं मारली गेली, हजारो हद्दपार झाली. त्यांना सरसकट माफी मिळायला १८८० साल उजाडलं. म्हणजे ब्रुआंच्या गाण्यांतल्या पोरांचे बाप या पिढीतले. त्यांची ठावठिकाणा नसलेली पितरं आणि लवकर विधवा झालेल्या आया वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. गाण्यात कम्यूनचं नाव क्वचित येतं, पण त्या गल्ल्यांतून तो धूर अजून निघालेला नव्हता.

कॅबरे म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला नाच येतो. तो इथे बाजूला ठेवावा लागेल. त्या पॅरिसमध्ये दोन वेगळ्या जागा होत्या. एक ‘काफे-कोंसेर’: मोठी दिवाणखान्यासारखी किंवा बागेतली जागा, रंगमंच, वाद्यवृंद, खातपीत ऐकणारा गर्दीचा प्रेक्षक. तिथे गायच्या गाण्याचे शब्द आधी सरकारी तपासनिसाला दाखवून मंजूर करून घ्यावे लागत, आणि ही पद्धत १९०६ पर्यंत टिकली. दुसरी जागा म्हणजे ‘काबारे’: चार टेबलांची मद्यगृहाची खोली, एक पियानो आणि स्वतःच लिहिलेलं स्वतः म्हणणारे कवी. त्यांना ‘शांसोनिए’ म्हणत. त्यांच्या ओळीत ताज्या बातमीची खिल्ली असे, पुढाऱ्याची नक्कल असे, आणि मधूनच जिवाला लागणारं काही.

ब्रुआं पहिल्यांदा काफे-कोंसेरमध्ये गायला लागला, १८७३ च्या सुमाराला. लांब कोट, उंच टोपी, उंची जाकीट, आणि हलकीफुलकी विनोदी गाणी. नाव बऱ्यापैकी झालं. लष्करी सेवेत मलँ इथल्या ११३ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये असताना तिच्यावर रचलेलं संचलनगीत शिपायांच्या तोंडी बसलं. पण या काळातल्या गाण्यांवर मी या पुस्तकात फार पानं खर्च केलेली नाहीत. तिथे कारागीर घडत होता, इतकंच.

वळण आलं ते ‘शा न्वार’मुळे, म्हणजे ‘काळं मांजर’. रोदोल्फ सालिस या हिकमती गृहस्थानं नोव्हेंबर १८८१ मध्ये ८४, बुलव्हार द रोशशुआर इथे हे काबारे उघडलं आणि कवी, चित्रकार, संगीतकारांची तिथे रीघ लागली. शांसोनिए झ्यूल झुई यानं ब्रुआंला तिथे आणलं. सालिसची तऱ्हा अशी की दारातून येणाऱ्या कारकुनालाही तो सरदार-दरकदारांच्या थाटात, झुकून, भरजरी पदव्या लावून आत घ्यायचा. १८८५ च्या उन्हाळ्यात जागा अपुरी पडू लागली, आसपासच्या गुंडांशी मारामाऱ्याही वाढल्या, तेव्हा सालिसनं वाजतगाजत मिरवणूक काढून आपलं काबारे जवळच्याच दुसऱ्या रस्त्यावर हलवलं. रिकामी खोली ब्रुआंनं घेतली. नाव ठेवलं ‘ल मिर्लितों’. मिर्लितों म्हणजे जत्रेत मिळणारी पिपाणी, आणि फ्रेंचमध्ये रद्दी कवितेला ‘पिपाणीच्या ओळी’ म्हणतात. नावातच त्यानं सांगून टाकलं की इथे उच्च काव्य मिळणार नाही.

जाताना सालिसची तेराव्या लुईच्या शैलीतली एक खुर्ची मागे राहिली. ती परत मागितली तर ब्रुआंनं दिली नाही. उलट छताला टांगली आणि तिच्यावर गाणं केलं. तऱ्हा सालिसच्या अगदी उलट ठरली, ती मात्र अपघातानं. सांगतात की पहिल्या रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गिऱ्हाइकं आली. वैतागलेल्या ब्रुआंनं त्यांना तोंडाला येईल ते ऐकवलं. गिऱ्हाइकं खूश झाली आणि पुढच्या वेळी मित्रांना घेऊन आली. तेव्हापासून शिवी हाच त्या घराचा पाहुणचार झाला. दार बंद असे, ठोठावावं लागे. आत येणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर सगळी खोली एका सुरात ताशेरे झाडायची. उठून निघालेल्या पाहुण्याला त्याहून वाईट शब्दांत निरोप मिळायचा, तोही गाऊन. प्यायला बिअर. मधे काळ्या मखमली कॉर्डुरॉयच्या पोशाखात, लाल सदऱ्यात, गुडघ्यापर्यंत बूट चढवलेला ब्रुआं टेबलांमधून येरझारा घालत, कधी बाकावर चढून, खणखणीत धातूसारख्या आवाजात सँ-लाझारच्या कैद्याचं पत्र म्हणायचा.

इथे थांबायला हवं, कारण ब्रुआंबद्दलचा सगळा वाद याच खोलीत आहे. ऐकणारे कोण होते? बग्ग्यांमधून उतरणारे सावकार, अधिकारी, परदेशी पाहुणे, सरदारघराण्यांतल्या बायका. बेलव्हिलची पोरगी इथे बिअर प्यायला येत नव्हती. म्हणजे भुकेल्याचं गाणं भरल्या पोटाला विकलं जात होतं, शिव्यांची फोडणी देऊन. श्रीमंताला घरी बसून आपल्या अपराधाची टोचणी लागत असेल तर इथे येऊन दोन शिव्या खाल्ल्या की हिशेब चुकता. हा आक्षेप ब्रुआंच्या हयातीतच घेतला गेला, आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ब्रुआंला पैसा हवा होता, आणि तो त्यानं भरपूर मिळवला.

पण मला त्या खोलीतलं दुसरंही काही दिसतं. शिव्या थांबायच्या आणि गाणं सुरू व्हायचं तेव्हा ब्रुआं श्रोत्याला कुठलीच सोय ठेवत नव्हता. गाण्यात दया दाखवायला जागा नाही, कारण बोलणारा दया मागत नाही. सुटकेचा शेवट नाही. बोध नाही. ‘आ बिरिबी’मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या शिक्षेच्या पलटणींमध्ये दगड फोडणारा शिपाई बोलतो, ज्यांच्या मुलांना सैन्यात हुद्दे होते अशा लोकांपुढे ते म्हटलं जात होतं. वेश्येचं पत्र ऐकणाऱ्या पुरुषांपैकी काहींची ओळख तिच्याशी वेगळ्या नात्यानं होती. पैसे देऊन आत आलेल्या माणसाला त्याच्या शहराच्या कडेला काय घडतं, ते त्या कडेवरच्याच तोंडून ऐकावं लागत होतं, आणि दार बंद होतं. गाण्यांचा गल्ला मालकाच्या खिशात गेला म्हणून ती गाणी खोटी ठरत नाहीत. एरवी ज्या दिवाणखान्यांत त्या बाईचं नावही कुणी काढलं नसतं, तिथपर्यंत तिचा आवाज ब्रुआंच्या धंद्यानं पोचवला. या पुस्तकात मी धंदा आणि कळवळा यांच्यात निवड करायचं नाकारलं आहे. त्याच्या आयुष्यात ते दोन्ही एकाच गळ्यातून येत होते.

काबारेच्या नावानं ऑक्टोबर १८८५ पासून एक पत्रही निघू लागलं. त्याची मुखपृष्ठं बरीचशी तेओफिल स्टाइनलेननं काढली. लोझान इथून पॅरिसला आलेला हा स्विस चित्रकार पुढे मांजरांसाठी आणि कामगारांच्या चित्रांसाठी ओळखला गेला. १८८९ मध्ये ब्रुआंच्या गाण्या-कवितांचा ‘दां ला रू’, म्हणजे ‘रस्त्यावर’, हा पहिला भाग आला, १८९५ मध्ये दुसरा. स्टाइनलेनच्या रेखाटनांशिवाय त्यांची कल्पना करता येत नाही. ओल्या फरसबंदीवर वाकून चालणारी बाई, दिव्याच्या खांबाला टेकलेला पोरगा. तुलूझ-लोत्रेकचीही चित्रं मिर्लितोंच्या भिंतीवर असत. त्यातल्या काहींची नावं थेट ब्रुआंच्या गाण्यांची आहेत. ‘आ मोंरूज’ या चित्रातली तांबड्या केसांची रोझा दारात उभी आहे, केस डोळ्यांवर आलेले, तोंड घट्ट मिटलेलं. ती गाण्यातूनच उठून आलेली आहे. गावाकडून आलेला गायक, स्विस चित्रकार आणि अल्बीच्या काउंटचा अपंग मुलगा, अशा तिघांनी मिळून पॅरिसच्या कडेचा चेहरा घडवला.

ते प्रसिद्ध भित्तिपत्रकही याच मैत्रीतून आलं. १८९२ मध्ये शांजेलिझेवरच्या आंबासादर या बड्या काफे-कोंसेरनं ब्रुआंला बोलावलं. लोत्रेकचं चित्र पाहून व्यवस्थापक हादरला: मोजके सपाट रंग, जाड रेघ, नावापुरती पार्श्वभूमी, जपानी छापचित्रांसारखी कापून टाकलेली आकृती. ब्रुआं अडून बसला. हे चित्र रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना लागेल तरच गाईन. चित्र लागलं, आणि शहरभर चिकटवलंही गेलं. लोत्रेकनं त्याची एकूण चार भित्तिपत्रकं केली, एकात तर तो पाठमोरा आहे, आणि तरीही ओळखू येतो.

भाषेबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण हे पुस्तक लिहिताना सगळ्यात जास्त रात्री तिथे गेल्या. ब्रुआं ‘आर्गो’मध्ये लिहायचा. चोर, हमाल, खाटीक, वेश्या यांची ही आडभाषा. शब्द वेगळे आणि उच्चारही वेगळे. स्वर गिळलेले, दोन शब्दांचा एक केलेला. कागदावर त्याची ओळ लोपचिन्हांनी भरलेली दिसते, जणू अक्षरांमधले दात पडलेत. आणि ही सगळी मोडतोड काटेकोर वृत्तात बसवलेली. १९०१ मध्ये त्याच्या नावानं प्रमाण फ्रेंच ते आर्गो असा जाडजूड कोश प्रसिद्ध झाला. त्यातलं बरंच काम लेओं द बेर्सी या त्याच्या सहकाऱ्याचं होतं, हे इथे नमूद केलं पाहिजे.

हे मराठीत कसं आणायचं? ‘व्हतं’, ‘न्हाई’ केलं की ला व्हिलेतची बाई माणदेशातली होते. मुंबईची टपोरी बोली दिली की ती सिनेमातली होते. प्रमाण मराठी दिली की ती मरते. मुंबईच्या वेश्यावस्तीतून आलेला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ मध्ये आला तेव्हा त्यातली भाषा मराठी वाचकाला इतकी अनोळखी होती की प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना आधी त्या वस्तीशी ओळख करून घ्यावी लागली. मी ढसाळांकडे पुन्हा पुन्हा गेले, आणि दरवेळी एक फरक नव्यानं जाणवला. ढसाळ त्या वस्तीच्या आतून बोलतात. ब्रुआं बाहेरून येऊन आत राहिला. त्याचा ‘मी’ घडवलेला आहे, कितीही सच्चा असला तरी. म्हणून ढसाळांची भाषा ब्रुआंला उसनी देणं मला दोघांवरही अन्याय वाटला. शेवटी गाण्यांची भाषांतरं करण्याचा हट्ट मी सोडला. प्रत्येक महत्त्वाचं गाणं काय सांगतं, कोण बोलतं, कडवं कुठे वळतं, हे साध्या गद्यात सांगितलं आहे. ठिकाणांची नावं मात्र जशीच्या तशी ठेवली.

आता ब्रुआंची जी बाजू मला लिहायला जड गेली, ती. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर तो श्रीमंत होऊन मोंमार्त्रमधून बाहेर पडू लागला, कूर्तनेजवळ जमीनजुमला घेतला, हवेलीत राहू लागला. त्याचा राग कुणी करू नये. नोकरीवर गेलेल्या पोरानं गावी परत येऊन घर बांधावं, इतकी ती साधी इच्छा होती. पण मे १८९८ मध्ये त्यानं बेलव्हिलमधून संसदेची निवडणूक लढवली. हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झालेल्या ड्रेफ्युस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या प्रकरणानं फ्रान्स दुभंगला होता, त्याच्या बाजूनं लिहिलेलं कादंबरीकार एमिल झोलाचं अनावृत पत्र जानेवारीतच प्रसिद्ध झालं होतं. ब्रुआं समाजवादी, राष्ट्रवादी आणि उघडपणे ज्यूविरोधी उमेदवार म्हणून उभा राहिला. ज्या माणसानं फाशीच्या कैद्याच्या मानेवरचा काटा जाणला, त्याला एका निरपराध कैद्याच्या बाजूनं उभं राहता आलं नाही. गरिबांच्या हलाखीचं खापर एका जमातीवर फोडण्याची जी साथ त्या काळात पसरली होती, तिला तोही बळी पडला. बेलव्हिलच्या मतदारांनी त्याला काही शे मतांवर परत पाठवलं. गाण्यांवरच्या माझ्या प्रेमापोटी हे मी दोन ओळींत गुंडाळू शकले असते. पाचव्या प्रकरणात त्याला पूर्ण जागा दिली आहे.

नंतरची वर्षं शांत होती. त्यानं सनसनाटी कादंबऱ्या लिहिल्या, ध्वनिमुद्रणाचं यंत्र आल्यावर स्वतःची गाणी मुद्रित केली. ती आजही ऐकता येतात, खरखरीतून तो खणखणीत आवाज येतो. त्याच्या हातून घडलेलं एक मोठं काम म्हणजे टेकडीवरचं ‘लापँ आजिल’ हे जुनं काबारे. ते पाडलं जाणार असं दिसलं तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं ते विकत घेतलं आणि चालवायला फ्रेदे नावाच्या गिटार वाजवणाऱ्याकडेच राहू दिलं. तरुण पिकासो तिथे बसायचा. १९०५ च्या सुमाराच्या त्याच्या चित्रात मागे फ्रेदे दिसतो. पुढे ते घर फ्रेदेच्या मुलाकडे गेलं. लापँ आजिल अजून सुरू आहे, र्‍यू सँ-व्हँसांच्या कोपऱ्यावर. हाच तो रस्ता, जिच्यावर ब्रुआंचं सगळ्यात हळवं गाणं आहे त्या रोझचा. अनाथ, आजीजवळ वाढलेली, प्रियकराच्या सांगण्यावरून रस्त्यावर उभं राहायला नकार देणारी, आणि त्याच्याच सुऱ्यानं मेलेली.

१९१७ मध्ये ब्रुआंचा मुलगा एमे आघाडीवर मारला गेला. म्हाताऱ्याच्या तोंडचं गाणं त्यानंतर बरीच वर्षं ऐकू आलं नाही. १९२४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तो पॅरिसमध्ये एकदा पुन्हा रंगमंचावर आला, त्याच हॅटमध्ये आणि त्याच मफलरमध्ये, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ११ फेब्रुवारी १९२५ ला तो गेला. कूर्तनेपासून जवळच, सुब्लिन्यी या खेड्यात त्याला पुरलं.

एक गोष्ट त्याला पाहायला आवडली असती. लियोंच्या रेशीम विणकरांवर त्यानं १८९४ मध्ये एक गाणं केलं होतं: धर्मगुरूंची आणि सत्ताधाऱ्यांची उंची वस्त्रं विणणारे, स्वतः उघडे असणारे विणकर त्यात बोलतात. आज फ्रान्समध्ये मोर्च्यांत हे गाणं म्हणणाऱ्या अनेकांना ते १८३१ च्या विणकरांच्या उठावातलंच लोकगीत वाटतं. लिहिणाऱ्याचं नाव गळून गेलं आणि ‘आम्ही’ म्हणणारे विणकर तेवढे राहिले.

पुस्तकाच्या शेवटी पॅरिसचा एक नकाशा जोडला आहे. वाचताना तो उघडा ठेवावा, एवढी विनंती. ब्रुआंची गाणी ठिकाणांच्या नावांची आहेत, आणि अंतरं कळली की ती वेगळी ऐकू येतात. ला व्हिलेतच्या कत्तलखान्यापासून ला रोकेतच्या तुरुंगापर्यंत पायी साधारण तासाभराचा रस्ता आहे. ब्रुआं जन्मला त्याच वर्षी, १८५१ मध्ये, त्या तुरुंगाच्या दाराशी देहदंड द्यायला सुरुवात झाली, आणि १८९९ पर्यंत ते चालू राहिले. मग तुरुंग पाडला. गिलोटिनचा सांगाडा डळमळू नये म्हणून रस्त्यात बसवलेल्या पाच चपट्या शिळा तेवढ्या काढल्या नाहीत. र्‍यू द ला क्रुआ-फोबँच्या तोंडाशी त्या डांबरात अजून दिसतात, आणि मोटारी त्यांच्यावरून जातात.